मरणाच्या खोलीत गार केलेली वाइन

इटलीतल्या बेटावरच्या आमच्या कार्लोफोर्ते गावात कुठल्या वाइनबरोबर काय खावं, यावरून सख्ख्या भावांत अबोला होतो. माझं म्हणणं सरळ आहे. वर्मेंतीनो, म्हणजे आमच्याकडची पांढरी वाइन, गार हवी आणि ताटात ट्यूना हवा. बाकी गप्पा रिकामटेकड्यांच्या.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ तोमाझो रईस झाला, म्हणजे ट्यूनाच्या जाळ्याचा म्होरक्या. आईबाप गेल्यावर मीच त्याला वाढवलेला, त्यामुळे पहिल्या कत्तलीचं जेवण माझ्याकडे. आणि या शहाण्यानं काय करावं? आदल्या संध्याकाळी वाइनच्या बाटल्या पोत्यात घालून जाळ्याच्या शेवटच्या कप्प्यात सोडल्या. त्या कप्प्याला आम्ही मरणाची खोली म्हणतो. मासे तिथेच वर ओढतात, आकडे मारतात आणि पाणी लाल होतं.

"एवढा गार समुद्र असताना बर्फ कशाला?" म्हणे.

सकाळी कत्तल उरकली आणि बाटल्या त्याच लाल पाण्यातून वर आल्या. लुईझिनकाका, आमच्यातला सगळ्यात म्हातारा खलाशी, पोत्याकडे बघत म्हणाला, "ओतून टाक. त्या खोलीत ठेवलेलं पिऊ नये."

"का हो काका?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही. माझ्या बापालाही माहीत नव्हतं."

"मग तुम्ही प्या पाणी!" तोमाझो म्हणाला. सगळे खिदळले. मीही हसले. बुचं घट्ट होती. बाटल्या मी स्वतः गोड्या पाण्यानं धुतल्या आणि एक उघडून वास घेतला. लिंबाचा, ओल्या दगडाचा, नेहमीसारखाच होता.

दुपारी मासळीच्या कारखान्याच्या अंगणात टेबलं मांडली. लोकांच्या कोपरांवर रक्त अजून वाळत होतं. आधी भाज्या घातलेला कुसकुस झाला, त्याबरोबर पेले रिकामे झाले. मीही एक मारला. अशी वाइन बेटावर झाली नाही, असं जो तो म्हणत होता.

मग मी ट्यूना वाढला.

जाळ्यावरच्या बास्तियानला माशाच्या पोटाचा तुकडा लागतो. त्यानं तो खाल्ला, वर घोट घेतला. "ताई, काय जमलंय हो..." एवढं म्हणाला आणि खाली बघायला लागला. सदऱ्यावर लाल डाग पसरत होता. मी सदरा वर केला. पोटाला आकड्याचं भोक पडलं होतं, मांस बाहेर ओढल्यासारखं.

शेजारी पारोदो बसला होता. त्या दोघांचं बोटीवरून वर्षभर वाकडं.

"तूच भोसकलंस, हलकटा!" बास्तियानचा भाऊ ओरडला.

पारोदोनं तोंडातला तुकडा वाइनच्या घोटाबरोबर कसाबसा गिळला. तो माशाच्या गालाचा होता. "आईशप्पथ, मी हात पण..." तो म्हणाला आणि त्याचा गाल कानापर्यंत उसवत गेला. आतले दात दिसले.

मग कोण ऐकतंय! सुऱ्या निघाल्या. बाटल्या फुटल्या. एकानं दुसऱ्याचं डोकं टेबलावर आपटलं आणि ते मऊ झालं तरी आपटतच राहिला.

लुईझिनकाका भिंतीला टेकून उभा होता. त्यानं ताटभर ट्यूना खाल्ला होता, वर पाणी. त्याला काही झालं नव्हतं. मी नुसती वाइन प्याले होते. मलाही काही झालं नव्हतं.

पहिल्या माशाचं हृदय रईसनं खाल्लंच पाहिजे, नाहीतर त्याला कोणी म्होरक्या मानत नाही. ते मीच निखाऱ्यावर भाजून, तेल-मीठ लावून तोमाझोपुढे ठेवलं होतं.

तो माणसं सोडवून धापा टाकत परत आला. पेला एका दमात रिकामा केला. ताट पुढे ओढलं.

"तोमाझो, नको!"

मी ताट उडवलं. त्यानं माझ्या थोबाडीत मारली. आजवर कधी त्यानं माझ्यापुढे आवाजसुद्धा चढवला नव्हता.

"पहिल्याच दिवशी चारचौघांत माझी शोभा करतेस?"

त्यानं फरशीवरचा तुकडा उचलला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, रक्त येईपर्यंत. त्यानं मला ढकललं.

आणि खाल्ला.

मी त्याचा सदरा टराटरा फाडला. छातीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"बघ, वेडाबाई," तो हसला. खुर्चीला टेकला. डोळे उघडेच राहिले.

चिरफाड झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हात कोरडे झाले होते, तरी पुसतच होत्या.

"याचं आधी कधी छातीचं ऑपरेशन झालं होतं का?"

"नाही हो. कधी टाकासुद्धा पडला नाही."

त्या माझ्याकडे बघेनात.

"मग मला कळत नाही, ताई. हृदय असतं तिथे पाणी होतं. समुद्राचं."