अक्कासाठी आठ किलो

प्रशील तायडे प्रज्ञाला पहिल्यांदा भेटला, तोच तिच्या अंगावर कोसळून.

डिसेंबरची गार सकाळ होती. जळगावातल्या त्या लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये प्रज्ञाने त्याचं रक्त घेतलं, टोचल्या जागी कापूस दाबून धरायला सांगितलं. तो उठला, "थँक्यू मॅडम" म्हणाला आणि त्याचे डोळे फिरले. प्रज्ञा अंगाने चांगली भरलेली. तिने पाय घट्ट रोवले, दोन्ही हातांनी त्याला धरलं आणि हळूच बाकावर आडवा केला.

डोळे उघडल्यावर तो आधी छताकडे बघत राहिला. मग ओशाळून म्हणाला, "फार जड लागलो का हो?"

"रिपोर्टमध्ये लिहून देईन," ती म्हणाली.

काल रात्री काय खाल्लं होतं, असं तिने विचारलं. काकडी. सकाळी? काकडीच. गेले दहा दिवस हा माणूस काकडी आणि लिंबूपाण्यावर होता. प्रज्ञाने त्याला ग्लुकोज पाजलं आणि समोर बसून सगळं विचारून घेतलं.

प्रशील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. दिवसभर डाव्या सीटवर बसायचं आणि पाय जास्तीच्या ब्रेकवर ठेवायचा. पोट त्या सीटवरच वाढलं. त्याची थोरली बहीण लताअक्का धुळ्याला देवपुरात राहायची. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. सोळा वर्षांच्या अक्कानेच त्याला वाढवलं. आता अक्काच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. दाजींना मधुमेह, म्हणून ते किडनी देऊ शकत नव्हते. प्रशीलचं सगळं जुळत होतं... वजन सोडून. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, चौऱ्याण्णवचे शहाऐंशी करून चार महिन्यांनी या.

"मग मी म्हटलं, चार महिने कशाला? एका महिन्यात उडवतो."

दुपारी त्याचा रिपोर्ट तयार करताना प्रज्ञाला लघवीत कीटोन दिसले. उपासमारीची खूण. तीही एकदा या वाटेने गेली होती. चार वर्षांपूर्वी मुलगा बघायला येणार म्हणून तिने दोन महिने जेवण सोडलं होतं. केस मुठीने गळले, पाहुणे नकार देऊन गेले, आणि उतरलेलं वजन दीडपटीने परत आलं. तेव्हापासून तिने वजनकाट्याकडे पाठच फिरवली होती.

रिपोर्ट देताना तिने त्याला ओळखीच्या आहारतज्ज्ञ मॅडमकडे जायला बजावलं. मॅडमनी त्याला साधंच सांगितलं: अर्धं ताट भाजी आणि काकडी-टोमॅटो, पाव ताट वरण किंवा उसळ, पाव ताटात भाकरी. एकही जेवण टाळायचं नाही. रोज पाऊण तास भराभर चालायचं. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ.

प्रशीलने ते अर्धंच ऐकलं. आठ दिवसांनी तो लंगडत लॅबच्या दारात उभा. जेवण सुरू झालं होतं, पण साहेब पहिल्याच दिवशी मेहरूण तलावाला दोन फेऱ्या पळाले होते. गुडघा भाकरीसारखा फुगला होता, आणि हातात प्रोटीन पावडरचा डबा होता.

"हे चालेल ना?"

"किडनी द्यायची आहे तुम्हाला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा डबा उघडायचा नाही." मग तिला राहवलं नाही. "तुमच्याकडे शिकायला येणारी माणसं पहिल्याच दिवशी चौथ्या गिअरवर गाडी काढतात का?"

तो मान खाली घालून हसला. "मग मॅडम... तुम्हीच शिकवा ना. तुम्ही चालत असाल तर सोबत..."

ती चालत नव्हती. पण "उद्या सहाला" हे शब्द तिच्या तोंडून निघून गेले होते.

मेहरूण तलावावर सकाळी धुकं असायचं. बोलताना तोंडातून वाफ निघायची. पहिल्या दिवशी प्रज्ञाला अर्ध्या फेरीतच दम लागला. तिला वाटलं, आता हा पुढे निघून जाईल. तो गेला नाही. बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाकला. त्या सकाळी ती नाडी चार वेळा सुटली.

"बूट बदला," ती म्हणाली.

"बूट चांगले आहेत," तो म्हणाला. "आणि मला घाई नाही."

महिनाभरात दोघांची एक फेरी न थांबता होऊ लागली, मग दीड. आठवड्यातून दोन दिवस तलावाच्या बाकापाशी उठाबशा काढायच्या, हे मॅडमनीच सांगितलं होतं. प्रशील दहापर्यंत मोजायचा आणि सातनंतर मुद्दाम परत पाचवर यायचा. प्रज्ञा हसायला लागली की उठाबशा तिथेच राहायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच ती एका माणसासमोर घामाघूम होऊन उभी होती आणि तिला ओढणी सारखी करावीशी वाटत नव्हती.

जानेवारीत ड्रायव्हिंग स्कूलच्या लोकांची यावलच्या शेतात भरीत पार्टी झाली. प्रशील तिथे तोंड बांधल्यासारखा बसला आणि घरी येऊन शेवभाजीबरोबर नऊ पुऱ्या खाल्ल्या. सकाळी त्याने कबुली दिली आणि शिक्षा म्हणून आज चार फेऱ्या मारणार, असं जाहीर केलं. प्रज्ञाने त्याला अडवलं. चालणं ही शिक्षा नव्हे, ती म्हणाली. शेतातच भाकरीबरोबर वाटीभर भरीत सुखाने खाल्लं असतं, तर रात्रीच्या पुऱ्या झाल्या नसत्या. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, हे सगळं चार वर्षांपूर्वी तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या दिवशी लॅबमधून परतताना ती स्वतःहून वजनकाट्यावर उभी राहिली. शेवटच्या पाहिलेल्या आकड्यापेक्षा पाच किलो कमी भरले. तिने ते कुणाला सांगितलं नाही. फक्त घरी आईला म्हणाली, जेवायला वाढ, भूक लागलीय.

फेब्रुवारीत काटा रुसला. तीन आठवडे साडेअठ्ठ्याऐंशीवरून हलेना. प्रशील चिडका झाला. एका सकाळी चालताना तो मध्येच बाकावर बसला. प्रज्ञाने विचारलं तेव्हा कळलं, दोन दिवस तो रात्री जेवला नव्हता. डायलिसिस चालू असताना अक्काचं ब्लड प्रेशर एकदम उतरलं होतं.

"मी इथे ग्रॅम मोजत बसलोय," तो म्हणाला, "आणि तिच्याकडे वेळ नाही..."

प्रज्ञा शेजारी बसली आणि सवयीने त्याचं मनगट हातात घेतलं. तलावावरून एक बगळा उडाला, उतरला. ती काही मनगट सोडेना.

"नाडी बघताय?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"किती आहे?"

"मोजायचं राहिलंच..."

मग तिने पिशवीतून डबा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. मुगाचं धिरडं होतं. त्याने ते शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं.

त्याच दिवशी ती त्याला घेऊन आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेली. मॅडमनी चालण्यात थोडा चढ घातला, संध्याकाळच्या चहाबरोबरचे टोस्ट काढले, आणि रात्री सात तास झोपायला सांगितलं. काटा हळूहळू सरकू लागला. मार्चच्या शेवटी पंच्याऐंशी किलो आठशे ग्रॅम भरले. नाशिकच्या तपासण्याही व्यवस्थित आल्या. प्रशीलने अक्काला आनंदाने फोन केला, आणि अक्काने किडनी घ्यायला साफ नकार दिला.

रविवारी तो धुळ्याला निघाला तेव्हा प्रज्ञाही बसमध्ये चढली. का, ते त्याने विचारलं नाही.

लताअक्का दाराशी खुर्ची टाकून बसली होती. चेहरा सुजलेला, डाव्या हातावर सुयांचे वण. तिने प्रज्ञाचं कौतुकाने स्वागत केलं. तिच्याबद्दल फोनवर पुष्कळ ऐकलं होतं म्हणाली. प्रशीलने नाशिकचा विषय काढताच मात्र तिचा चेहरा कठीण झाला. तपासण्या पूर्ण होईपर्यंत ती गप्प बसली होती, कारण याचं वजन उतरेल असं तिला वाटलंच नव्हतं. आता खरंच वेळ आली, तर तिच्या जिवाला ते पटेना.

"तुनं अजून लगीन व्हयेल नही," ती म्हणाली. "एक किडनीना नवरा कोणले पाहिजे? तुनासंगे कोण लगीन करी?"

प्रज्ञा शहरात वाढलेली. अहिराणी तिने फक्त आजीकडून ऐकलेली, कधी बोलायची वेळ आली नव्हती. पण या प्रश्नाला दुसऱ्या कुठल्या भाषेत उत्तर देणं तिला जमलं नसतं.

"मी करसू," ती म्हणाली.

घरात कुकरची शिट्टी झाली. अक्का तिच्याकडे एकटक बघत राहिली. प्रज्ञाने नजर हलवली नाही, फक्त तिचे कान तापले. प्रशील दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

अक्काने पदराने डोळे टिपले. "मंग नाशिकनी तारीख ले," ती भावाला म्हणाली आणि उठून, भिंतीचा आधार घेत, पाहुणीसाठी ताट करायला गेली.

परतीची बस पारोळ्याच्या पुढे निघाली. मग प्रशील खिडकीकडे बघत म्हणाला, "ते... अक्काला पटावं म्हणून म्हणालात ना?"

"अक्काला पटवायला मी रिपोर्ट आणले होते. पिशवीतच राहिले."

त्याने वळून पाहिलं. तिच्या मांडीवर खरंच लॅबची पिशवी होती.

"प्रज्ञा," तो म्हणाला. 'मॅडम' न म्हणता, पहिल्यांदाच. "मी विचारणार होतो. ऑपरेशन झाल्यावर. म्हटलं, आधी बघू, आपण धड राहतो का..."

"मग विचार ना."

त्याने तिचा हात धरून विचारलं. एरंडोलपर्यंत तिने तो हात सोडवून घेतला नाही.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. रात्रंदिवस लघवीचे नमुने तपासणारी प्रज्ञा अक्काच्या खाटेशेजारच्या पिशवीत थेंब थेंब जमणारं पिवळं पाणी बघून ढसाढसा रडली. नर्सने तिला बाहेर बसवलं. अक्काची नवी किडनी कामाला लागली होती.

प्रशील शुद्धीवर आला तेव्हा त्याने आधी अक्काचं विचारलं. मग घशातल्या घशात म्हणाला, "तुझ्या आईला सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं? किडनीचंही?"

"सगळं."

"मग... काय म्हणाल्या?"

प्रज्ञाने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "दिवसभर गप्प होती. रात्री एवढंच विचारलं, 'मुलगा वेळेवर जेवतो ना?'"