पाव इंचाची चोरी

पोस्टकार्डावर तीनच वाक्यं होती. ‘घरात चोरी झाली आहे. काहीही गेलेले नाही. ताबडतोब या.’ खाली सही : कौशल्याबाई, दुसरबीड.

अर्जुनरावांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. पोस्टातल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लोकांची हजारो कार्डं गुपचूप वाचली होती, पण इतकं बिनबुडाचं एकही नव्हतं.

“काही गेलं नाही, तर चोरी कशाची?”

“ते पाहायलाच जायचं,” त्यांची बायको गोजरबाई म्हणाली, आणि पिशवी भरू लागली.

गोजरबाई सव्वीस वर्षं तुरुंगात बायकांच्या कोठडीवर मेट्रन होती. खोटं बोलणाऱ्याच्या पायाचा अंगठा कसा हलतो, इथपर्यंत तिला ठाऊक. निवृत्त होऊन नवराबायको मेहकरला आले, तेव्हा अर्जुनरावांना वाटलं होतं, आता दोन वेळा गरम जेवण आणि दुपारी झोप. पण अख्ख्या जिल्ह्यातले गुंते उंबऱ्याशी येऊ लागले. ती गुंते सोडवी, हे पिशवी वाहत.

चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. ती तशीच राहिली.

जालन्याच्या मोटारीत त्यांना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. काचेखाली एक मातीचा गणपती होता, आणि तो चक्क हातांच्या खुर्चीत बसला होता. लाकडी, वीतभरसुद्धा नसलेली खुर्ची. पोट दोन्ही हातांमध्ये गच्च अडकलेलं.

“देवालासुद्धा बसायला खुर्ची,” अर्जुनराव पुटपुटले. “मी मात्र मोडक्या बाकावर.”

गोजरबाईने पुढे वाकून विचारलं, “खुर्ची कुठून आणली, कडूबा?”

“आणली नाही बाई, आली,” ड्रायव्हर म्हणाला. “आठ दिवस झाले. सीटखाली सापडली. म्या म्हटलं, देवानंच धाडली. नुसत्या फळीवर बसून थकला होता.”

मोटार दुसरबीडला टेकली, तेव्हा अर्जुनरावांच्या पोटात कावळे ओरडत होते.

कौशल्याबाई म्हणजे काठीसारखी ताठ बाई. नवरा जंगलखात्यात रेंजर होता, तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून बाईंनी एकच ध्यास घेतला : बाहुलीघर. खाटेएवढ्या पेटीत चार खोल्या. काडेपेट्यांची कपाटं, बांगडीच्या काचांचं झुंबर, सिंदीच्या पानाचं नखाएवढं सूप, चुलीत शेंदराचा निखारा. कापडचोपड, रंगकाम बाईंचं. लाकूडकाम वहाब मिस्त्रींचं.

“दोनशे अकरा वस्तू,” बाई म्हणाल्या. “तीनदा मोजल्या. दोनशे अकराच आहेत.”

“मग झालं तर,” अर्जुनराव म्हणाले.

“साहेबांकडे पाहा.”

दिवाणखान्यात हातांच्या खुर्चीत कोट घातलेला एक बाहुला बसला होता. मिशा थेट भिंतीवरच्या रेंजरसाहेबांच्या फोटोतल्या.

“पाय पाहा त्यांचे. जमिनीला लागत नाहीत. मी रोज सांजेला इथं बसते. त्यांचे जोडे सतरंजीला टेकलेले असत. तीन दिवस मी भाचीच्या बारशाला जालन्याला गेले, परत आले तर साहेब लोंबकळताहेत.”

अर्जुनरावांनी डोळे बारीक केले. जोडे आणि सतरंजी यांच्यामध्ये तुरीचा दाणा मावेल एवढी फट होती. एवढ्यासाठी त्यांची वांग्याची भाजी गेली होती.

“थंडीनं आखडला असेल बाहुला,” ते म्हणाले.

बाईंनी बाहुल्याच्या खुर्चीवर बोट ठेवलं.

“खुर्ची बदलली आहे,” बाई म्हणाल्या. “खरी खुर्ची साहेबांच्या खुर्चीच्या हातापासून केली होती. ती पाहा ओसरीवर. साहेब गेले त्याच साली तिचा हात मोडला. तो टाकवेना, म्हणून वहाबनं त्यातून ही घडवली. आता ती जागेवर नाही, तिची नक्कल आहे. आणि नकलेला वास वहाबच्याच पॉलिशचा. जालन्याचा एक शेटजी ही खुर्ची मागत होता. त्याला विकली, दुसरं काय.”

टेबलावर एक पुठ्ठा होता. उद्या सकाळी जीप येणार होती आणि बाहुलीघर बुलढाण्याच्या प्रदर्शनाला जाणार होतं. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : ‘कल्पना – कौशल्याबाई. कारागीर – वहाब मिस्त्री.’ दुसऱ्या नावावर लाल शाईची आडवी रेघ.

“गावात बोललात?” गोजरबाईने विचारलं.

“मी कुणाला भिते काय? पाराजवळ सांगितलं.”

स्वयंपाकघरात बाईंची जाऊ पुष्पाबाई भाकऱ्या थापत होती. अर्जुनराव आशेने तिथेच पाट ओढून बसले.

“माह्यावर काऊन येता?” पुष्पाबाईने परातीवर हात आपटला. “मले त्या खेळाचा राग येते, हे खरं. जित्या माणसाले बसाले धड पाट नाही अन् बाहुल्याले खुर्ची. पण चोरून काय करू? चुलीत घालाले तरी पुरते का ते लाकूड?”

“बाई जालन्याला असताना घरात कोण आलं?”

“वहाबचाचा आले, बाहुलीघराच्या दारांले पॉलिश कराले. पॉलिशचा डबा मागच्या पडवीत ठेवून गेले, दुसरा हात द्याचा होता म्हणून. अन् भाऊराव तर घरातलाच.”

भाऊराव म्हणजे कौशल्याबाईंचा धाकटा भाऊ, त्यांच्याच घरी राहणारा. शाळेत गणित शिकवी आणि सुतारकामाचा तासही घेई.

“त्याचं काय सांगू,” पुष्पाबाई म्हणाली. “सोमवारी मेहकरच्या शिबिराले गेला तो नाचत गेला, अन् आला तो तोंड पाडून. भाकर नाही, बोलणं नाही. दोन दिवस शाळेतच. म्हणे हजेरीचं काम आहे.”

भाकरी तव्यावर फुगली, आणि नेमकी तेव्हाच गोजरबाई उठली. अर्जुनरावांना उठावं लागलं.

वहाब मिस्त्रींच्या पडवीत दोन अर्धवट दारं भिंतीला टेकून होती, पण रंधा थंड होता. म्हातारा खाटेवर बसला होता.

“काल दोन घरचे लोक आपली चौकट परत घेऊन गेले,” तो म्हणाला. “चाळीस साल या गावात काम केलं. कोनी खिळा मोजून घेतला नाही. आता माह्या नावावर रेघ. मले वाचता येत नाही बाई, पण रेघ समजते.”

गोजरबाईने पदराखालून बाहुलीघरातली ती नकली खुर्ची काढली. “ही तुमची?”

वहाबने ती नुसती हातात फिरवली आणि खिशातून घडीची पितळी फूटपट्टी काढली. बैठकीपासून पायापर्यंत लावली. पुन्हा लावली. त्याच्या कपाळावर आठी चढली.

“हे कोन्या गाढवाचं काम? पावनेदोन इंच... नाही, त्याच्याही केसभर पुढं. रेघेवरच नाही. बाई, कारागीर चुकला तरी रेघेवर चुकते.”

“किती हवी?”

“दीड. ओसरीवरची मोठी खुर्ची दीड फूट. त्या बाहुलीघरात समदं फुटाले इंच. दार सहा फूट, तर बाहुलीचं दार सहा इंच.”

“लाकूड?”

“सागवानच. जोड चांगले आहेत. ज्यानं केली त्याले हत्यार धरता येते, झूट काय बोलू? पण माप येत नाही.”

“फूटपट्टी मला संध्याकाळपर्यंत द्या,” गोजरबाई म्हणाली. “आणि चार वाजता मोटारीच्या थांब्यावर या.”

“मी नाही येत. तिथं लोक असतेत.”

“म्हणूनच या.”

भाऊराव मास्तर घरी तक्ते रंगवत होते. महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं; आणे गेले होते, शेर जात होते, आता फूटही चालले होते, आणि त्या सगळ्यांना पोचवायला जणू मास्तर एकटेच निघाले होते. कोपऱ्यात नवी कोरी मीटरपट्टी उभी होती.

“किती सोपं आहे पाहा,” कोणी न विचारता ते म्हणाले. “हा खांब तीन मीटर. कागदावर छोटा काढायचा? दहाने भागा. तीस सेंटिमीटर. शून्य उडवलं की झालं. बाराने भागाकार करून आमच्या बापजाद्यांचं अर्धं आयुष्य गेलं.”

“आमचंही दुपारचं जेवण गेलं,” अर्जुनराव म्हणाले.

“शिबिराला काय काय नेलं होतं?” गोजरबाईने विचारलं.

“मीटरपट्टी. तक्ते.” मास्तर थांबले. “जेवणाचा डबा.”

“मोटारीनंच गेलात?”

“हो. गर्दी फार होती.”

गोजरबाई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हती. अर्जुनरावांनी तिची नजर धरून खाली पाहिलं. त्यांना नुसता मास्तरांचा पाय दिसला. पाय तो पाय, त्यात काय पाहायचं?

“तुमची पट्टी घेऊन चार वाजता थांब्यावर या,” ती म्हणाली.

“आता थांब्यावर काय आहे?” बाहेर पडताच अर्जुनराव वैतागले. “सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. पाव इंचासाठी सगळा गाव गोळा करायचा?”

“अहो, सकाळी तुम्हीच तर चोरी उघडी केली.”

“मी?”

ती पुढे बोलली नाही. हिची ही एक खोड त्यांना तुरुंगात टाकण्याजोगी वाटे.

चारला थांब्यावर चहाच्या टपरीभोवती निम्मं दुसरबीड जमलं होतं. कौशल्याबाई हातात पुठ्ठा घेऊन, पुष्पाबाई पदर खोचून. वहाब सगळ्यांत मागे, लिंबाला टेकून. भाऊराव मास्तर पट्टी काठीसारखी धरून. गोजरबाईने टपरीच्या बाकावर खुर्ची ठेवली.

“पहिली गोष्ट,” ती म्हणाली. “ही खुर्ची विकण्यासाठी बदलली असती, तर चोरानं खरीची हुबेहूब नक्कल केली असती. खरी हातात होती ना? शेजारी ठेवायची, माप घ्यायचं. मोडली असती, तरी तुकडे मापले असते. मग माप का चुकलं?”

“अडाणी असेल,” अर्जुनराव म्हणाले.

“जोड पक्के आहेत. माणूस शिकलेला आहे. माप चुकलं, कारण खरी त्याच्याजवळ नव्हतीच. हरवली होती. म्हणून त्यानं ओसरीवरची मोठी खुर्ची मापली आणि भागाकार केला. आता वहाबचाचांनी भागाकार केला असता तर?”

“बारानं,” वहाब मागून म्हणाला. “दीड फूट, दीड इंच.”

“आणि ही इंचाच्या कुठल्याच रेघेवर बसत नाही. मास्तर, पट्टी द्या.”

मास्तरांनी पट्टी दिली नाही. ती अर्जुनरावांनी त्यांच्या हातून काढून घेतली. दिवसभरात त्यांना पहिल्यांदाच काहीतरी करायला मिळालं होतं. गोजरबाईने पट्टी खुर्चीला लावली.

“वाचा.”

अर्जुनरावांनी वाकून पाहिलं. “साडेचार सेंटिमीटर. बरोब्बर रेघेवर.”

“मोठी खुर्ची ढोबळ पंचेचाळीस. दहाने भागा, शून्यही उडवायला नको. बारानं भागलं तर साहेबांचे जोडे सतरंजीला लागतात, दहानं भागलं तर लोंबतात. दुसरबीडात दहानं भागणारा माणूस एकच आहे. पॉलिशचा डबा पडवीत होताच.”

थांब्यावरचे सगळे डोळे मास्तरांकडे वळले. मास्तरांचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं.

“अक्का, मले माफ कर. शिबिरात दाखवाले नेली होती व, लहान माप कसं असते ते. मोटारीत खिशातून पडली. मेहकरले उतरल्यावर कळलं, तवर मोटार निघून गेली होती. तुले काय तोंड दाखवू? म्हटलं, नवी करतो. तुले कळणार नाही.”

“तुझ्या अक्काला साहेबांचे पाय कळणार नाहीत?” कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी पुठ्ठा लिंबाकडे रोखला. “आणि या माणसाला मी पारावर चोर म्हणत होते, तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं?”

मास्तर अंगठ्याने धूळ उकरू लागले.

“पण मग खरी खुर्ची?” पुष्पाबाईने विचारलं. “ते तर गेलीच ना?”

“ती चारच्या मोटारीनं येते आहे,” गोजरबाई म्हणाली.

हिला ऊन लागलं, असं अर्जुनरावांना वाटलं. तेवढ्यात धुरळा उडवत जालन्याकडून मोटार परत आली, आणि काचेतून त्यांना गणपती दिसला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

कडूबा मात्र खुर्ची सोडेना. “देवाचं आसन आहे. उठवू कसं? पाप कोनाच्या डोक्यावर?”

गोजरबाईने मास्तरांची खुर्ची त्याच्या हातात दिली. कडूबाने कुरकुरत गणपती उचलला आणि नव्या खुर्चीत ठेवला. पोट दोन्ही हातांमध्ये ऐसपैस बसलं. वर दाणाभर जागा उरली.

“अरे,” कडूबा म्हणाला. “हे तर त्याच्या मापाची आहे.”

“दहाचं माप कुणाला तरी बसलं,” अर्जुनराव म्हणाले.

कोणी हसलं नाही, कारण कौशल्याबाई लिंबाकडे चालल्या होत्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. तीन पावलं आधीच त्या थांबल्या. मग बाकापाशी परत आल्या, टपरीवाल्याकडून टाक-दौत मागितली, पुठ्ठा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. पुन्हा लिंबापाशी जाऊन सगळ्या गावादेखत पुठ्ठा वहाबच्या हातात दिला.

“काय लिहिलं?” वहाबने अर्जुनरावांना विचारलं.

“वहाब मिस्त्री आणि कौशल्याबाई,” त्यांनी वाचलं. “तुमचं आधी.”

वहाबने पुठ्ठा लिंबाच्या बुंध्याला टेकवला. मग त्याने गोजरबाईकडून फूटपट्टी मागून घेतली, उघडली, आणि आधी एका नावाच्या उंचीला लावली, मग दुसऱ्या.

“बाई, माप चुकलं. माह्यं नाव पाव इंच मोठं झालं.”

“राहू द्या, मिस्त्री,” कौशल्याबाई म्हणाल्या.