मारेताच्या नव्या घराची बेल

मलाकी, तो मोबाइल जरा खाली ठेव बघू. मघापासून बघतोय, तुम्ही नवरा-बायको मान मोडून बेलची चित्रं चाळताय. भिंतींना अजून रंग नाही, आणि दारात कोण येणार याची काळजी आधी! देतो मी निवडून. तीस वर्षं या किनाऱ्यावर वायरी ओढतोय, एक बेल निवडता येणार नाही का मला? पण त्याआधी मारेताच्या बेलचं ऐका. माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. जे डोळ्यांसमोर नव्हतं ते तिनेच याच चटईवर बसून सांगितलंय.

मारेता म्हणजे बसवाल्या एतुआलेची बायको. दुसरी. पहिली फुआतिनो, ती तापाने गेली. आपण सगळे करतो तसं त्यानेही केलं, तिला घरासमोर अंगणातच मूठमाती दिली. पांढऱ्या फरशीची कबर, वर पत्र्याचं छप्पर. तीन वर्षांनी मारेता त्या घरात आली. बाई कामाला वाघ, बोलायला फटकळ, मनाची वाईट नाही. पण एक गोष्ट तिला सोसवेना. सकाळी दार उघडलं की समोर फुआतिनो. कपडे वाळत घालायला गेलं की फुआतिनो. एतुआले बस लावून आला की आधी कबरीच्या कट्ट्यावर टेकायचा, बूट काढायचा, दोन मिनिटं समुद्राकडे बघायचा आणि मग घरात यायचा.

"जिवंत सवत असती तर झिंज्या धरून भांडले असते, सोलोमोना काका," ती मला म्हणाली होती. "हिच्याशी भांडू कशी? ही तोंडच उघडत नाही."

मग ते वादळ झालं आणि जुनं घर बसलं. नवं बांधायला घेतलं तेव्हा मारेताने हट्ट धरला. मळ्याकडचा रस्ता आता डांबरी झालाय, दार तिकडे करायचं. म्हणजे घराची पाठ समुद्राकडे, आणि कबर मागे, चूल आणि डुकरांच्या कुंपणाजवळ. आपल्याकडे असं कुणी करत नाही. गवंड्याने दोनदा विचारलं, "नक्की ना?" एतुआलेने नुसती मान हलवली. घरात कटकट नको म्हणून माणूस किती मोठ्या गोष्टीला मान हलवतो, बघा.

त्याची बहीण पेपे घर बघायला आली. कोकोचा पेला हातात घेऊन सगळीकडे फिरली आणि म्हणाली, "भिंती छान आहेत गं. फक्त आमच्या फुआतिनोला आता तुझी डुकरं बघत बसायचंय ना?"

"तिला काय दिसतंय आता?" मारेता म्हणाली.

"मग तोंड फिरवलंस कुणापासून?"

त्या रात्री ती जेवली नाही.

आणि गंमत अशी की फायदा काहीच झाला नाही. एतुआले बस लावायचा, घराला वळसा घालायचा आणि मागे जाऊन बसायचा. आधी निदान तो तिला दिसत तरी होता. आता मागची भिंत मध्ये. किती वेळ बसतो, काय बोलतो, रडतो की हसतो, काही कळेना. तिने स्वतःच्या हाताने त्या दोघांना एकांत करून दिला होता. जळफळाट नुसता!

तर मागच्या ऑगस्टमध्ये एका सोमवारी ती मला घेऊन शहरात, आपियाला गेली, बेल निवडायला. दुकानदाराने पाच-सहा प्रकार मांडले. मी सांगितलं, "ही साधी घे. सेलवर चालते, पावसाला दाद देत नाही, बटण दाबलं की मोबाइलवर माणूस दिसतो. झालं काम."

"मागचं दिसेल?"

"मागे कशाला? पाहुणा पुढून येतो."

"मला पाहुणा नाही बघायचा, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "मला घरातला माणूस बघायचाय."

मी म्हटलं, "पोरी, बेल बाहेरच्यासाठी असते. घरच्याला विचारायचं असतं."

"विचारून बघितलंय."

शेवटी तिने सगळ्यात महागातला संच उचलला. दोन बेल, एक पुढच्या दाराला, एक मागच्या, चुलीकडच्या छोट्या दाराला. त्यात एक करामत होती. घरच्या माणसांचे फोटो आणि नावं भरून ठेवायची, की बेल चेहरा ओळखते आणि मोबाइलवर लिहून कळवते, अमुक दारात आहे. नाव नसेल तर अनोळखी.

बुधवारी मी बसवून दिली. नावं तिने भरली, मी शेजारीच बसलो होतो. एतुआले. मारेता. पेपे. तीन नावं, चौथं नाही. एतुआलेचे फोटो शोधायला तिने त्याचा मोबाइल घेतला होता. त्यात फुआतिनोचे फोटो निघाले, लग्नातले, बसच्या पायरीवरचे, केसांत लाल फूल खोवलेले. मारेताने ते एकेक करून पुसले. मी बघत होतो. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी वायरी गुंडाळत राहिलो.

दुसरा दिवस गुरुवार. शंख वाजला. दिवेलागणीच्या प्रार्थनेचा शंख वाजल्यावर आपल्याकडे रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरत नाही, दोन्ही टोकांना गावचे लोक वाट अडवून उभे असतात. मारेता आणि एतुआले चटईवर समोरासमोर बसले. त्याने स्तोत्र सुरू केलं. तिने मोबाइल मांडीवर, झग्याच्या घडीत ठेवला होता.

सहा वाजून अडतीस मिनिटांनी तो थरथरला. मागच्या दाराची बेल. कुणीतरी हललंय.

तिने डोळे किलकिले करून पाहिलं. मागचं अंगण, संधिप्रकाश, पांढरी कबर. कट्ट्यावर कुणीतरी बसलेलं, पाठमोरं, समुद्राकडे तोंड करून. मारेताच्या मनात पहिला विचार आला तो रागाचा. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा? आजसुद्धा गेलाच तिच्याकडे?

आणि मग तिच्या कानावर स्तोत्र आलं.

एतुआले समोर बसला होता. डोळे मिटून. गात होता.

तिने परत मोबाइलकडे पाहिलं. कट्ट्यावरचं माणूस उठलं. सावकाश. घराच्या कडेने चालू लागलं... आणि चित्रातून बाहेर गेलं.

मागे कुणी नाही. फक्त कबर.

मारेता पावलं मोजू लागली. मनातल्या मनात. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत किती पावलं, तिला पक्कं माहीत होतं. एतुआलेच्या मागे रोज तेवढीच मोजायची ना ती. चुलीपाशी... टाकीपाशी... कोपरा...

पुढची बेल वाजली.

एतुआलेचं स्तोत्र थांबलं. बाहेर सगळा गाव गात होता. घरात... काही नाही.

तिने मोबाइल उचलला. पायरी रिकामी. दिवा जळतोय. मळ्याचा रस्ता रिकामा. आणि खाली अक्षरं:

फुआतिनो दारात आहे.

बेल पुन्हा वाजली. घाई नव्हती त्यात. घरचं माणूस वाजवतं तशी.

एतुआले उठला. तिने त्याचं मनगट धरलं.

"नको उघडूस."

तो दाराकडेच बघत होता.

"माझ्यासाठी कधी धावत दार उघडलंस?" तिचा आवाज फुटला. "एकदा तरी? आणि तिच्यासाठी प्रार्थना मोडतोस?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. थकलेल्या माणसासारखं.

"आपण दार फिरवलं, मारेता," तो म्हणाला. "तिला वळसा पडतो."

हात सोडवून तो गेला. कडी काढली. दार उघडलं.

कुणी नव्हतं.

तो तसाच उभा राहिला. मग... एक पाऊल बाजूला झाला. आतल्या अंगाला. आपण कुणाला वाट देतो, तसा. इतका वेळ, जितका एका बाईला उंबरा ओलांडायला लागतो.

मग दार लावलं. येऊन बसला. चटईवर मारेताच्या समोर नाही... जरा सरकून. मध्ये जागा सोडून.

राहिलेलं स्तोत्र त्याने पूर्ण केलं. मारेता त्या मधल्या जागेकडे बघत राहिली.

शनिवारी ती माझ्याकडे आली. चेहरा ओळखू येईना. "काका, मागच्या भिंतीला मोठं दार पाडायचंय. समुद्राकडे. आता पुढचं दार तेच. तुम्ही वायरी काढून द्या." एतुआलेने स्वतः भिंत फोडली. पेपेने कबर धुतली. मारेताने कबरीवर समुद्रावरचे पांढरे खडे आणून पसरले, स्वतःच्या हाताने, गुडघ्यांवर बसून. आणि त्यानंतर प्रार्थनेच्या वेळी बेल कधीच वाजली नाही. आता एतुआले कट्ट्यावर बसतो तेव्हा ती त्याला कोको तिथेच नेऊन देते. चांगलं चाललंय त्यांचं, कुणालाही विचारा.

बेल मात्र... ती मी नव्या दाराला लावली. आधीचं सगळं पुसून टाकलं आणि नावं पुन्हा भरायला बसलो. मारेताचा फोटो तर मी स्वतः काढला, लख्ख उन्हात, त्याच दारात. नाव लिहिलं. मोबाइल म्हणाला, झालं. म्हटलं, जा, बाहेर जाऊन ये एकदा.

ती पायरी उतरली, वळली, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. मी मोबाइलकडे पाहिलं.

घरच्या माणसांची यादी मी भरली तशी नव्हतीच. दोनच नावं. एतुआले. फुआतिनो.

आणि खाली...

दारात अनोळखी बाई आहे.

तीनदा पुसलं मी. तीनदा तेच. ती बाहेर उभी राहून विचारत होती, "काय म्हणतेय, काका?" मी काय सांगणार? मोबाइल तिच्या हातात दिला. तिने वाचलं. बराच वेळ वाचत राहिली, चारच शब्द.

वर्ष होत आलं. परवाच तिकडून आलो. मारेता मळ्यातून परतत होती, डोक्यावर तारोच्या कंदांची टोपली. दार सताड उघडं, आत एतुआले बसलेला दिसतोय. तरी ती पायरीवर थांबली, टोपली खाली ठेवली, झग्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

एतुआले आतून म्हणाला, "ये ना."

ती थांबूनच राहिली, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत. तो बोलावतो, तेवढ्यावर ती जात नाही.