दहावा खांब

ग्लेंडाला फक्त कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाऊन पाव आणायचा होता. दहा मिनिटांचं काम. ती गेली नाही, आणि पुढचं सगळं त्या न आणलेल्या पावामुळे झालं, असं मानोंग सेल्सो, म्हणजे सेल्सोदादा, म्हणत.

फिलिपिन्समधल्या इलोईलोत वीज गेलेली. ओसरीवर एकच मेणबत्ती, तिला मानोंगनी हाताचा आडोसा धरलेला. समोर एर्विन आणि त्याची बहीण लिझेल. दोघंही नुकतीच परदेशी कंपनीची कामं घरबसल्या करू लागलेली, म्हणून जरा तोऱ्यात.

"मानोंग, आम्ही इंजिनिअर माणसं," एर्विन म्हणाला. "भुताचा हिशेब नीट मांडून दाखवा."

"मांडतो की. ग्लेंडाही इंजिनिअरच. तुझ्यापेक्षा बरी. तिची सासू पासिंग माझी सख्खी बहीण, तेव्हा ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चोवीस ऑगस्ट, गुरुवार. आता तोंड मीट."

ग्लेंडाचा नवरा जहाजावर. घरात सासू आणि पाच महिन्यांचा मुलगा, तोतो. पर्थमधल्या इमारतींचे नकाशे ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करायची. शिकवणारा तिकडचा डेस हॅलोरन, एकसष्ट वर्षांचा. त्याचंच काम कंपनी तिच्याकडे देत होती, म्हणजे शिकवून झालं की तो घरी. त्याला माहीत होतं, तिलाही. दर शुक्रवारी तो पडद्यावरून विचारायचा, "माझी खुर्ची तुझ्या घरात मावेल ना गं?" आणि खो-खो हसायचा. तीही हसायची. मग रात्री तिला झोप लागायची नाही.

डेसची एक सवय होती. प्रत्येक नकाशा कागदावर छापून घ्यायचा आणि पेन्सिलीने तपासायचा. बरोबर असेल ते पिवळं रंगवायचं, चुकलेल्याभोवती लाल कडं. खस्... खस्... पेन्सिलीचा तो आवाज तिला इथवर ऐकू यायचा. "जे तपासलं नाही, त्यावर सही नाही, ग्लेंडा." हे त्याचं रोजचं.

पुढे तो आजारी पडला. कंपनीने कळवलं, नकाशावरच्या तपासनीसाच्या चौकटीत तूर्त त्याच्याच नावाची अक्षरं टाकत जा, डी. एच. तिच्या नावाला तिकडे कोण विचारणार? ती टाकत गेली. तो वारला, तरी अक्षरं चालूच राहिली.

त्या गुरुवारी दुपारी तीनला त्याचा अंत्यविधी होता. तिने तोतोला मांडीवर घेऊन तो पडद्यावर पाहिला. संपल्यावर सासूने हाक मारली.

"इंदाय, पोरी, जा, पाव घेऊन ये."

"पाव आहे की, नानाय."

"असू दे. मयताहून आलं की आधी दुसरीकडे कुठेतरी पाय लावायचा, मग घरात शिरायचं. नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग येतं."

"अहो, पण मी गेलेच कुठे? इथे खुर्चीत तर बसले होते!"

"तू गेली नाहीस गं. पण त्याला तुझं घर दिसलंच ना?"

ग्लेंडाला हसू आलं. पाचच्या आत एका पाळणाघराचा नकाशा पाठवायचा होता. दहा खांबांवरचं छप्पर, त्याखाली दुपारी मुलं झोपणार. तोतो किरकिर करत होता. नऊ खांब तिने नीट पाहिले. दहावा त्यांच्यासारखाच असणार, असं म्हणून चौकटीत डी. एच. टाकलं आणि नकाशा पाठवून दिला.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. पंखा थांबला, तशी तिला जाग आली.

खस्...

उंदीर असेल.

खस्... खस्...

घरात एकही पेन्सिल नव्हती. कागदही नव्हता. आवाज तोतोच्या झोळीकडून येत होता.

"सर...?"

आवाज थांबला.

ती उठली. स्वयंपाकघरातली खुर्ची झोळीपाशी होती. ती तिथे कुणी नेली? सासू तर भिंतीकडे तोंड करून घोरत होती. ग्लेंडाने फोनचा उजेड पाडला. तोतो जागा होता. रडत नव्हता. रिकाम्या खुर्चीकडे एकटक बघत होता.

तिने पांघरूण बाजूला केलं. पायाची नऊ बोटं पिवळी. तिरक्या, नेटक्या रेघा. आणि दहाव्याभोवती, डाव्या करंगळीभोवती... लाल कडं.

लिझेलने पाय जवळ ओढून घेतले.

ग्लेंडाने लॅपटॉप उघडला. दहावा खांब. तळाशी चार बोल्ट हवे होते. दोनच होते. तिने चूक दुरुस्त केली. चौकटीतलं डी. एच. खोडलं आणि पहिल्यांदाच स्वतःचं नाव टाकलं. नोकरी जाईल, हे कळत होतं. फोनच्या इंटरनेटवरून नकाशा पाठवला आणि सकाळपर्यंत पोराला छातीशी धरून बसली. आवाज पुन्हा आला नाही.

"म्हणजे सुटली," एर्विन म्हणाला.

"शुक्रवारी उत्तर आलं. आधीचा नकाशा हॅलोरन यांच्या सहीने मंजूर होऊन कामावर गेला आहे. आपलं नाव आमच्या तपासनीसांच्या यादीत नाही. तिने आणखी चार पत्रं लिहिली. पाचव्या दिवशी काम काढून घेतलं."

"आणि ते पाळणाघर?"

"बांधून झालं म्हणे, त्या पहिल्याच नकाशावरून."

मेणबत्ती फडफडली. मानोंगनी ती वाऱ्याआड सरकवली.

"पिवळा रंग पहिल्याच अंघोळीला गेला," ते म्हणाले. "लाल कडं साबणाने गेलं नाही, तेलाने नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मखूण असेल."

"पण आता तरी गेलं असेल ना?" लिझेलने विचारलं. "तीन वर्षं झाली."

मानोंगनी ओसरीच्या पायरीकडे बोट केलं.

"रविवारी आला होता तोतो. चपला काढून इथेच खेळत होता. करंगळी वाढलीय... तसं कडंही वाढलंय."