कागदावरचा तीळ

"जरा इकडं बघा, बाई… कागदाकडं नाही — माझ्याकडं."

अकरा वर्षं झाली हा आवाज पहिल्यांदा ऐकून. अजूनही भाकरी थापताना, विहिरीवर दोर ओढताना तो मध्येच कानाशी येतो आणि माझी मान आपोआप वर होते. समोर कुणी नसतं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. आमचे मालक, गोपाळराव, धारच्या म्युनिसिपालिटीत रस्त्यावरचे कंदील लावायचे. एका वावटळीच्या संध्याकाळी शिडी घसरली… आणि त्या रस्त्यावरचे कंदील लागायच्या आधी आमचं घर विझलं. कमिटीनं नुकताच नियम केला होता — माणूस नोकरीवर असताना गेला, तर त्याच्या विधवेला त्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा परवस्ती म्हणून द्यायचा, ती जगेल तोवर. अटी दोन. सहा-सहा महिन्यांनी स्वतः कचेरीत येऊन तोंड दाखवायचं. आणि पाट लावायचा नाही. दुसरा नवरा केला की परवस्ती बंद.

माझ्या नावावर भलत्याच बाईनं पैसे उचलू नयेत, म्हणून माझी चेहरेपट्टी लिहून ठेवायची होती. उंची किती, वर्ण कसा, अंगावर खूण कोणती. ती लिहायला बसला होता कृष्णराव. आमच्याच मराठा जातीतला, मूळचा देवासचा, चार बुकं शिकून धारला कारकुनीवर आलेला.

वैशाख होता. दाराला वाळ्याची ताटी लावलेली, तिच्यावर पाणी मारलेलं. वारा आला की खोलीभर ओल्या मातीसारखा वास पसरायचा. मी पदर नाकापर्यंत ओढून उभी.

"पदर जरा मागं…" तो म्हणाला, आणि त्याचेच कान लाल झाले. "मी नाही सांगत हो. नियम सांगतो."

तीन महिन्यांत मला पहिल्यांदा हसू आलं. मी ते गिळलं आणि पदर मागं घेतला.

त्यानं पाहिलं — तापल्या तव्याला बोट लावून काढून घ्यावं तितकंच. मग कागदावर वाकून मोठ्यानं म्हणत लिहू लागला, "उंची मध्यम… वर्ण गव्हाळ… उजव्या गालावर तीळ…"

माझा तीळ डाव्या गालावर आहे.

समोर उभ्या माणसाची डावी-उजवी बाजू त्यानं स्वतःच्या डाव्या-उजव्या हातावरून धरली होती. सांगायला हवं होतं. पण परक्या पुरुषाला आपल्या गालाबद्दल सांगायचं तरी कसं? मी गप्प राहिले. अंगठा उठवला आणि निघाले. माझ्या गप्प राहण्याची सुरुवात ती अशी, एवढ्याशा तिळापासून.

आश्विनात पुन्हा गेले. खिडकीपाशी माझा कागद काढून तो बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला.

"मालनबाई, माझ्याकडून एक चूक झालीय." आवाज अगदी खाली. "तीळ… मी भलत्या बाजूला लिहिलाय."

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर सांगत होता."

तो हसला. मग गंभीर झाला. "दुरुस्त करता येईल. पण त्याला नवा कागद करावा लागतो. मोरोपंत साहेबांपुढं, दोन साक्षीदारांपुढं तुम्हाला पुन्हा पदर काढून उभं राहावं लागेल."

मोरोपंत म्हणजे कचेरीचे वरिष्ठ. आत चष्मा पुसत बसले होते. मी तिकडं पाहिलं, आणि पदर आणखी पुढं ओढला.

"राहू द्या तसाच."

"राहू देऊ?"

"तुम्हाला तर ठाऊक आहे ना, कुठं आहे ते?"

हे मी कसं बोलले, माझं मला कळेना. त्यानं दौतीत टाक बुडवला, आणि कोऱ्या कागदावर उगाचच शाईचा एक टिपका पडला.

घरी सासूबाई वाट बघत असत. जमुनाबाईंची नजर अधू झाली होती. माणूस दारात आला की सावली तेवढी दिसायची. परवस्तीच्या पैशातून मी गहू आणायचे, दळायचे, आणि पहिली पोळी त्यांच्या हातात ठेवायचे. त्या ती कपाळाला लावायच्या.

"माझ्या गोपाळचा घास गं हा," म्हणायच्या. "मेला तरी आईला जेवू घालतोय बघ माझा लेक."

मग ती पोळी सावकाश, एकेक घास मोजल्यासारखी खायच्या. त्यांच्यापुरता गोपाळ अजून गेलेलाच नव्हता. दर सहा महिन्यांनी घरी येत होता.

आणि मी? मी पहाटे जात्यावर बसले की आपोआप ओठांवर यायचं —

*गव्हाची ओंजळ गं, जात्याच्या मुखी देते,*
*ओठातला बोल माझा दाण्यासंगं दळून घेते.*

चैत्र, आश्विन. पुन्हा चैत्र, पुन्हा आश्विन. सगळ्यांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. माझं त्या खिडकीपाशी व्हायचं.

"हयात आहात?" कागद उघडून तो विचारायचा.

"भूत असते तर सहा महिन्यांनी कशाला, रोजच आले असते."

"या की! भुताला नियम लागू नाही."

शेजारी पेन्शनीला आलेला म्हातारा शिपाई खोकायचा, "अरे भिया, हमारी बी बारी आने दो!" कृष्णराव घाईनं पुढचा रकाना वाचायचा. पण दुसरा प्रश्न आला की आवाज बदलायचा. मान खाली जायची.

"पाट… लावला आहे काय?"

"नाही."

तो लिहायचा, 'नाही'. तेवढी दोन अक्षरं लिहायला त्याला फार वेळ लागायचा. मलाही त्या वेळाची घाई नसायची.

तोंड दाखवण्याच्या अकराव्या खेपेला, आश्विनातच, त्यानं प्रश्न विचारलेच नाहीत. कागद तसाच समोर ठेवून म्हणाला, "वडील अंथरुणाला खिळलेत. देवासच्या कमिटीत जागा निघालीय, बोलावतायत."

मी खिडकीच्या गजाला धरलं होतं. गज गार होता.

"इथली साडेसहा वर्षं मात्र पाण्यात," तो म्हणाला. "आमच्या पेन्शनीला तीस वर्षं सलग भरावी लागतात. मध्ये सोडलं की मागचं सगळं पुसलं. तिथं पहिल्या दिवसापासून मोजायचं. म्हणजे तसं… वडिलांना इकडंही आणता येईल. बिऱ्हाड मोठं करता येईल." तो थांबला. माझ्याकडं पाहिलं — या वेळी तव्याला बोट लावल्यासारखं नाही. सावकाश, नीट, डाव्या गालाकडं. "कुणी थांब म्हणालं, तर थांबेनही मी."

बाहेर जांभळाच्या झाडावर पोपटांचा कलकलाट चालला होता. शब्द माझ्या जिभेवर होता. एकच शब्द… पण त्याच्या पाठीमागून मला दिसत होत्या पोळी कपाळाला लावणाऱ्या सासूबाई. कृष्णरावानं त्यांना पोटभर घातलंही असतं, मला ठाऊक होतं. पण तो गोपाळचा घास झाला नसता. मी हो म्हणाले असते, तर त्यांचा लेक दुसऱ्यांदा मेला असता, आणि या वेळी माझ्या हातानं.

"वाटेत सांभाळून," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. कागद ओढला आणि दोन्ही रकाने न विचारताच भरले.

चैत्रात खिडकीत नवा कारकून होता. त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "ही बाई ती नव्हेच! तीळ उजवीकडं लिहिलाय, हिचा डावीकडं!"

मला आत नेलं. ज्या मोरोपंतांपुढं पदर काढायचा नव्हता, त्यांच्यापुढं काढून उभी राहिले. परवस्ती थांबली. देवासला पत्र गेलं. घरी मी गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी केली. सासूबाईंनी ती चाचपली, खाली ठेवली. "या खेपेला आला नाही का गं गोपाळ?" एवढंच म्हणाल्या.

तीन मुक्काम करत कृष्णराव आला. उन्हानं काळवंडलेला. त्या दिवशी हट्टानं सासूबाईही आल्या होत्या. कचेरीच्या पायरीवर काठी टेकून, दाराशी बसल्या.

"चेहरेपट्टी तुझ्या हातची?" मोरोपंतांनी विचारलं.

"माझ्याच हातची. बाई त्याच आहेत. बाजू लिहिण्यात मी चुकलो."

"आणि साडेपाच वर्षांत एकदाही तीळ दिसला नाही तुला?"

नाही म्हणाला असता, तर मी खोटी ठरले असते.

"दिसला होता, साहेब. पहिल्याच दिवशी, बाई वळून निघाल्या तेव्हा."

"मग दुरुस्त का नाही केलास?"

"केला असता तर त्यांना पुन्हा कुणापुढं तरी उभं राहावं लागलं असतं."

"बरं, मग?"

"मग… ते मला नको होतं."

मोरोपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. परवस्ती चालू केली. पण जाणूनबुजून चूक लपवली, असा शेरा देवासला धाडणं त्यांना भाग होतं. त्या शेऱ्यापायी कृष्णरावाला कायम व्हायला तिथं वर्ष जास्त लागलं.

पायरीवर आम्ही दोघं क्षणभर थांबलो.

"वडिलांनी शब्द देऊन ठेवलाय," तो खाली बघत म्हणाला. "माघात लग्न आहे. सीता नाव तिचं."

"चांगलं झालं," मी म्हणाले. तेव्हाही तेवढंच म्हणाले.

चार वर्षांनी सासूबाई गेल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी माझा हात धरला.

"मालन, माझे डोळे गेले होते. कान नव्हते गेले."

"आई, पडून राहा."

"त्या दिवशी पायरीवर सगळं ऐकलं मी. आधीही ऐकत होते. कचेरीचा दिवस जवळ आला की तुझं जात्यावरचं गाणं बदलायचं. 'कर गं पाट' म्हणाले असते, तर तू गेली असतीस… आणि माझ्या गोपाळचं येणं बंद झालं असतं. म्हणून बोलले नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता जा."

कुठं जाणार होते मी? तरी पुढच्या नवरात्रात शेजारणी देवासच्या माताजींना निघाल्या, आणि मी त्यांच्या गाडीत बसले.

देवास म्हणजे गमतीचं गाव. गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. टेकडीवरून दर्शन घेऊन उतरले आणि विचारत विचारत त्याच्या दारात गेले. तो ओसरीवर काहीतरी लिहीत होता. कानांजवळ केस पांढरे झालेले.

त्यानं मान वर केली. हातातला टाक खाली ठेवला. मग अगदी तोच, खालचा आवाज —

"हयात आहात?"

"तोंड दाखवायला आलेय."

सीतानं पाणी दिलं, गूळ दिला. गोल चेहऱ्याची, साधी बाई. मला बघून तिला खराच आनंद झाला. "धारच्या पुष्कळ गोष्टी सांगतात हे," म्हणाली. "तुम्हाला ताई म्हणू ना?" आतून लेक रडली, म्हणून ती आत गेली.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"दिवाबत्ती खातं दिलंय. रस्त्याच्या या बाजूचे कंदील आमचे, त्या बाजूचे दुसऱ्या राज्याचे. तिकडं अंधार असला, तरी आपण काडी ओढायची नाही." तो हसला. "इथंही आता सहावं वर्ष. मोजतोय… तुमची परवस्ती?"

"चालू आहे. नव्या कारकुनाला विचारताना लाज वाटत नाही. भराभर विचारतो आणि भराभर लिहितो."

"काय लिहितो?"

"नाही."

तो पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. सासूबाई गेल्याचं मी सांगितलं. कधी, ते त्यानं विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून त्याला सगळं कळलं असावं. सीता लेकीला निजवून बाहेर आली, ओटीचा खण-नारळ आणायला पुन्हा आत वळली, मग विधवेची ओटी भरत नाहीत हे आठवून ओशाळली आणि नुसता नारळच माझ्या हातात ठेवून पाया पडली.

गाडी कोपऱ्यावर उभी होती. तो पोचवायला आला. ऊन चढत होतं. गाडीवान ओरडला, "चालो बाई, तड़को चढ़ी रियो हे!"

मी चढून बसले. त्यानं गाडीच्या दांडीला हात लावला, आणि म्हणाला, "वाटेत सांभाळून."

माझेच शब्द. इतकी वर्षं त्यानं ते जपून ठेवले होते, आणि आता मला परत देत होता. बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. मी पदर मागं घेतला — कुठल्याही नियमानं सांगितलं नव्हतं.

"कृष्णराव, तुम्ही म्हणाला होतात… कुणी थांब म्हणालं तर थांबेन."

"हो."

"माझ्या जिभेवर होतं. तेव्हाही, पायरीवरही."

"काय?"

चाक फिरलं. त्याचा हात दांडीवरून सुटला.

"थांबा," मी म्हणाले.