स्पितीतली अकरा झाडं

सगळी झाडं थंडीने मेली, असं अहवालात लिहून संशोधन केंद्राच्या साहेबांनी चाचणी बंद करून टाकली. तेही बारामतीतल्या खुर्चीतून न उठता!

ते वाचून स्वरालीला संताप आवरेना. परदेशी लसूणघास हा जनावरांचा चारा बारामतीत बारमाही कापणीला येतो, पण बर्फात टिकत नाही. म्हणून सहा वर्षं खपून तिने त्या घासाचा पहाडी वाणाशी संकर केला होता. गेल्या उन्हाळ्यात स्पितीतल्या एका उंच पठारावर त्याची दोनशे रोपं लावली होती. ती रोपं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला स्वराली जूनमध्ये निघाली. सोबत निरवांगी गावचे तिचे आबाजीमामा होते. मामांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे डोंगर तुडवण्यात गेलेलं. आता ते शेती करत.

दरड कोसळून रस्ता मध्येच तुटला होता. पहाटेच दोघं खालच्या गावातून पायी निघाली. विरळ हवेत दर वीस पावलांना मामांना धाप लागे. वाटेतला बर्फाच्या पाण्याचा ओढा मात्र गुडघाभरच होता.

पठारावरचे वाफे करपून काळे पडले होते. मामा पुढे जाऊन वाकले.

"ही बघ की. जित्ती हाय."

मातीलगत बोटभर हिरवे फुटवे! दोघांनी रांगत सगळे वाफे धुंडाळले. अकरा झाडं जगली होती.

"मेली म्हणे! एकदा येऊन बघायचं तरी." तिने कुदळ उचलली. "सगळी खणून त्यांच्या टेबलावर ठेवते."

"रागानं समदी उपटू नगंस. वाटंत काय झालं तर एक बी ऱ्हायाचं न्हाय."

मोठ्या कष्टाने तिने स्वतःला आवरलं. चारच झाडं मुळांसकट डब्यात घेतली.

परतताना दुपार झाली. उन्हाने बर्फ वितळून ओढा कमरेपर्यंत चढला होता. मामांची धाप वाढत चालली होती; इतक्या उंचीवर रात्र काढणं त्यांच्या जिवावर बेतलं असतं. कमरेला एकच दोर बांधून दोघं पाण्यात उतरली. मध्यावर मामांचा पाय सटकला. दोर ताणला! स्वरालीच्या एका हातात डबा होता. तिने तो सोडला. दोन्ही हातांनी दोर धरला. ओढला. पुन्हा ओढला.

काठावर मामा बराच वेळ खोकत राहिले. "झाडं?"

"गेली. तुम्ही आधी श्वास घ्या."

गावात पोचताच तिने फोन लावला.

"अकरा जगली होती, साहेब."

"नमुना आणलात?"

"चार घेतली होती, ती ओढ्यात वाहून गेली. सात तिथंच आहेत."

"मग अहवाल कशाच्या जोरावर बदलू?"

"न बघता लिहिताना जोर लागला नव्हता. आता बघून बदला," स्वराली म्हणाली. "आणि सकाळी लवकर निघा. दुपारी ओढा चढतो."