दाब आहे, शाई नाही

आमदार साडेदहाला वहिनींच्या ऑफिसात आले आणि त्यांच्या मागोमाग विधानसभा अध्यक्षांचा कारकून. कारकुनाकडे प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद होता. तो नजरेआड होऊ द्यायचा नाही असा त्याला हुकूम होता, त्यामुळे चहा घेतानाही त्याचा डावा हात पाकिटावरच होता.

कागद म्हणजे आमदारांचा राजीनामा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ अशा चार छापील ओळी आणि खाली सही. सकाळी तो अध्यक्षांच्या टपालपेटीत सापडला होता.

“हा मी लिहिलेला नाही,” आमदार म्हणाले. “पण सही माझीच आहे. ती खोटी म्हटली तर मीच खोटा ठरेन.”

वहिनींनी भिंग उचललं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणं सोडून त्यांनी खासगी तपासाचं ऑफिस थाटलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. मदतीला आले ते फक्त दीर, पोलिसातून निवृत्त झालेले फौजदार. त्यांचा वहिनींवर फार विश्वास होता, आणि स्वतःवर त्याहून किंचित जास्त.

आमदारांना फौजदार ओळखून होते. कोण ओळखत नव्हतं? पहिल्याच निवडणुकीत ते भर सभेत म्हणाले होते, “मी समलिंगी आहे आणि तुमच्या नळाला पाणी नाही. यातली एकच गोष्ट बदलायला हवी.” लोक हसले, आणि निवडून दिलं. आता ही तिसरी खेप.

आज तीन वाजता त्यांचं विधेयक पुकारलं जाणार होतं. आजाऱ्यानं ज्याला आपला जोडीदार म्हटलं, त्याला इस्पितळात खाटेशी बसायचा आणि संमतीच्या कागदावर सही करायचा हक्क. मांडणारा सदस्यच उरला नाही तर विधेयक तिथल्या तिथे बाद. कागद कुठून आला ते दोन वाजेपर्यंत सांगा, नाहीतर राजीनामा स्वीकारावा लागेल, असा अध्यक्षांचा निरोप होता.

“छपाईचा काळा थर सहीच्या शेपटावर चढलाय,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे आधी सही, मग मजकूर.”

आमदारांनी मान खाली घातली. शिफारशी आणि दाखल्यांसाठी दारात रोज रांग लागते, म्हणून ते कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवत. गठ्ठा ऑफिसच्या खणात असे. खणाची माहिती तिघांनाच: पीए, थोरली बहीण म्हणजे ताई आणि चौदा वर्षांपासूनचा जोडीदार. तो शाळेत चित्रकला शिकवी, सगळे त्याला मास्तर म्हणत.

“तिघांपैकी एकानं,” आमदार हळूच म्हणाले. “आजपासून मी कुणाच्या हातचा चहा घेऊ, तेवढं सांगा.”

वहिनींनी पुन्हा भिंग लावलं. सहीची सुरुवात ठसठशीत होती, पुढे शाई फिकी होत तुटत गेली होती. शेवटच्या अक्षरांत कागदावर पेनाचा खोल चर होता, पण निळा रंग जवळपास नव्हताच. “दाब आहे, शाई नाही,” त्या पुटपुटल्या.

रिफिल संपली असेल, असं फौजदार म्हणाले. वहिनींनी आमदारांना त्यांच्या नेहमीच्या बॉलपेनानं पाच सह्या करायला लावल्या. पाचही एकसारख्या निळ्या. मग सगळे आमदारांच्या ऑफिसात गेले. खणातला गठ्ठा वहिनींनी पानन् पान पाहिला. एकही सही तुटलेली नव्हती.

पीएवर फौजदारांचा पहिल्यापासून संशय होता. आमदारांची जागा रिकामी झाली तर उमेदवारी यालाच, अशी बाजारात कुजबुज होती. पीए चिडलाच. अकरा वर्षांत पत्रांचं काम एकदाच थांबलं, दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, असं तो सांगत होता. त्यानं वीस कोरी लेटरहेड इस्पितळात ताईंबरोबर वर पाठवली होती. ताई म्हणाल्या, तो सही करायच्या अवस्थेत नाही. मग कागद मागायचं राहूनच गेलं. “तेव्हा आठवडाभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या मी. मला आमदारकी नको, झोप हवी आहे,” तो म्हणाला.

मास्तर आले ते बोटांना रंग घेऊनच. ऑपरेशनचा विषय वहिनींनीच काढला. ते सहा दिवस मास्तर इस्पितळाच्या खालच्या बाकावर बसून होते. वर रक्ताच्या नात्याचं एकच माणूस, असा नियम. पीएलासुद्धा जिना चढू दिला नव्हता. आमदार सहाही दिवस पाठीवर सपाट, कुशीवर वळायचीही बंदी. बसता येऊ लागलं त्याच दिवशी घरी सोडलं. “ताई खाली आल्या की त्यांच्या चेहऱ्यावरून मी याचा ताप ओळखायचो,” मास्तर म्हणाले.

ताई शेवटी आल्या. आईच्या माघारी भावाला त्यांनीच वाढवलेलं. घर सांभाळायचं आणि रोजचं टपाल उघडायचं, एवढं आपलं काम. ऑफिसचे कागद आपल्याला कळत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. इस्पितळात त्यानं सही केली का, या प्रश्नावर त्या क्षणभर थांबल्या आणि नाही म्हणाल्या.

आमदारांनी चमकून पाहिलं. “केल्या होत्या की ताई. हात भरून आला होता माझा.”

“औषधाच्या गुंगीत होतास तू.”

फौजदारांनी वहिनींना बाजूला घेऊन पीएला अटक करायला सुचवलं. “भाऊजी, तुम्ही निवृत्त आहात,” वहिनी म्हणाल्या. एक वाजला होता. त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं.

“आमदारसाहेब, सोफ्यावर उताणे झोपा. पुठ्ठा डोळ्यांवर धरा आणि सह्या करा.”

पहिली सही चांगली उठली. दुसरी मध्येच फिकी पडली. तिसरीत चर उमटला, रंग नाही. कारकून पाकीट छातीशी धरून वाकला आणि ती सही राजीनाम्यावरच्या सहीशी ताडून पाहू लागला.

“बॉलपेनाची शाई वजनानं खाली उतरते,” वहिनी म्हणाल्या. “टोक वर धरून लिहिलं की गोळीपर्यंत शाई पोचत नाही. हात तेवढाच दाबतो, रंग मात्र तुटतो. खणातली प्रत्येक सही टेबलावरची आहे. राजीनाम्यावरची सही पाठीवर पडून केलेली आहे. साहेब सपाट पडून होते ते फक्त ते सहा दिवस. तेव्हा वीस कोरे कागद वर गेले, ते परत आले नाहीत. पीएंना जिना बंद होता, मास्तरांना बंद होता. ज्या नियमाविरुद्ध आज विधेयक आहे, त्याच नियमानं दोघांना निर्दोष ठरवलंय. वर जाणारं माणूस एकच होतं.”

कुणीच ताईंकडे पाहिलं नाही. ताईच बोलल्या.

“तेव्हा सह्या झालेले कागद मी लपवले ते आणखी काम वर येऊ नये, याला विश्रांती मिळावी म्हणून. नंतर कपाटात तसेच राहिले.” त्यांनी पदराच्या टोकाला पीळ घातला. “टपाल मी का उघडते, विचारलंत का कुणी? बारा वर्षं याच्या नावानं येणाऱ्या धमक्या मी वाचते. याला एकही दाखवली नाही. गेल्या आठवड्यात आली ती याच्या नावाची नव्हती. मास्तर शाळेतून कुठल्या रस्त्यानं घरी येतात, त्याचा नकाशा होता. विधेयक मागे घ्या, असं लिहिलं होतं. हा ऐकणार नाही, मला ठाऊक होतं. म्हणून कपाटातल्या एका कागदावर चार ओळी छापून आणल्या आणि अध्यक्षांच्या पेटीत टाकला.”

मास्तर उठून ताईंच्या शेजारी जाऊन बसले.

“ताई, तू आमचा जीव वाचवायला गेलीस आणि माझं तोंड बंद केलंस,” आमदार म्हणाले. “त्यांना तेच हवं होतं.”

“कळतंय रे. अध्यक्षांना मी सांगते. माझ्या तोंडानं.”

आमदारांनी मान हलवली. कोऱ्या कागदावर सह्या करायची चूक आपली, ती आपणच कबूल करणार, असं ते म्हणाले. बाकीचं तिनं सांगावं. धमक्यांची पत्रं फौजदारांनी ताब्यात घेतली. आपल्या जुन्या ठाण्याला त्यांनी स्वतः फोन लावला, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांचा आवाज पहिल्यासारखा चढला.

पावणेदोनला ताई आणि आमदार अध्यक्षांच्या दालनात गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा कारकुनाच्या हातातलं पाकीट रिकामं होतं; राजीनामा अध्यक्षांनी रद्द केला होता.

तीनला पाच कमी असताना प्रेक्षक गॅलरीच्या खिडकीशी मास्तर अडले. पासाच्या अर्जात ‘सदस्याशी नातं’ असा रकाना होता. मास्तरांचं पेन तिथेच घुटमळत राहिलं. खिडकीतला माणूस म्हणाला, वडील, भाऊ, मुलगा, काहीतरी लिहा, नाहीतर रांग सोडा.

ताईंनी पेन ओढून घेतलं आणि ‘जोडीदार’ असं लिहिलं.

“असं नातं आमच्या यादीत नाही, बाई.”

“आत त्याचंच काम चाललंय,” ताई म्हणाल्या. “तोवर शिक्का मारा.”

आत आमदारांचं नाव पुकारलं गेलं.